मापाचे पाणी

गेल्या चैत्रापासून आमच्या लालबागच्या भजनी मंडळात एक प्रश्न सारखा फिरतो आहे. हरिपाठ झाला, टाळ पिशवीत गेले की कोणीतरी जवळ सरकते आणि हळूच विचारते, "मावशी, सकाळी उपाशीपोटी मिठाचं पाणी घ्यावं म्हणतात, ते चांगलं का हो?" एकीच्या सुनेने दादरहून गुलाबी मिठाचे खडे आणले आहेत. ते काचेच्या बरणीत घालायचे, वर पाणी ओतून रात्रभर ठेवायचे आणि रोज सकाळी त्यातले चमचाभर पाणी पेलाभर कोमट पाण्यात मिसळून प्यायचे. त्याने म्हणे अंगातली घाण निघून जाते, गुडघे दुखत नाहीत, झोप छान लागते. दुसरीने तर विचारले, यंदा वारीला जाताना असे मीठ किती किलो घ्यायचे?

मला विचारतात याचे कारण एवढेच की आमच्या दिंडीची औषधाची पेटी बरीच वर्षे माझ्याकडे आहे. मी डॉक्टर नाही. परळच्या महापालिकेच्या शाळेत मुलांना गणित शिकवण्यात माझी नोकरी सरली. पण पाणी, मीठ आणि साखर या तीन वस्तूंपुरते मला चार शब्द सांगता येतील, कारण या तीन वस्तूंचा आमच्या घराशी जुना संबंध आहे.

आधी त्या गुलाबी खड्यांचे बघू. हे मीठ आपल्याला काही नवीन नाही. आपल्या आज्या त्याला सैंधव म्हणत आणि उपासाच्या फराळाला तेच वापरत. जमिनीखाली गाडल्या गेलेल्या फार जुन्या समुद्राचे ते मीठ. त्याची मोठी खाण आता पाकिस्तानात गेलेल्या पंजाबात खेवडा येथे आहे. पुडक्यावर हिमालयाचे नाव असले तरी हिमालय तिथून बराच दूर. गुलाबी रंग येतो तो लोहाच्या अंशाने. बाकी त्याच्या शंभर भागांत सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग आपल्या डब्यातलेच मीठ असते. उरलेल्या दोन-तीन भागांत खनिजे असतात हे खरे, पण ती इतकी थोडी की त्यांचा उपयोग व्हायचा तर मूठमूठ मीठ खावे लागेल. शिवाय साध्या पाकिटातल्या मिठात सरकारने घालायला लावलेले आयोडीन या खड्यांत सहसा नसते. उपासाला सैंधव वापरा, चव छान असते. पण त्यात संजीवनी शोधू नका.

दुसरी गोष्ट रोजच्या मिठाची. मोठ्या माणसाने दिवसाला सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आमटी, भाजी, भाकरी, लोणचे, पापड, ठेचा हे सगळे त्या एका चमच्यात बसवायचे. आपल्यापैकी कितीजणांचे बसते? मग सकाळी उठून वर आणखी मीठ कशाला? आमच्या मंडळातल्या एका काकूंना रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांनी दोन महिने हे पाणी घेतले. पायांना सूज यायला लागली, जिना चढताना दम लागायला लागला. त्यांच्या डॉक्टरांनी पहिली गोष्ट काय केली असेल तर ती बरणी बंद करायला लावली. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड यांचे दुखणे असलेल्यांना रोजचे मिठाचे पाणी हे दुखण्याला खतपाणी आहे. हे मी ज्याला त्याला सांगते आणि काहींना त्याचा राग येतो, येवो बापडा.

मग मिठाचे पाणी वाईटच का? तसे मी कधीच म्हणणार नाही. याच पाण्याने माझा धाकटा भाऊ वाचला, आणि हे पाणी मिळाले नाही म्हणून माझी थोरली बहीण गेली.

ती बहीण मी पाहिलेली नाही. आई पाटण तालुक्यातल्या डोंगरातली. तिचे पहिले मूल मुलगी होते, चौदा महिन्यांची. पावसाळ्यात तिला ढाळ लागले, उलट्या सुरू झाल्या. घरातल्या जाणत्या बायांनी त्या काळच्या समजुतीप्रमाणे सांगितले, पाणी बंद करा, पोटात पाणी गेले की ते वाहणारच. माठ कोपऱ्यात भरलेला होता. पोर माठाकडे बघून रडत होती. दुसऱ्या दिवशी रडताना तिच्या डोळ्यांतून पाणी येईना. तिसऱ्या दिवशी ती रडायचीच थांबली. कोणाचाही जीव दुष्ट नव्हता, सगळ्यांनी तिच्यावर मायाच केली. पण त्यांना एवढे माहीत नव्हते की मूल ढाळाने मरत नाही, अंगातले पाणी आणि मीठ आटून मरते.

पुढे वडील गिरणीत लागले, साचेखात्यात. आमचे बिऱ्हाड लालबागच्या चाळीत आले. सूत तुटू नये म्हणून गिरणीतली हवा मुद्दाम दमट ठेवत, त्यामुळे वडील घरी आले की सदऱ्याच्या पाठीवर सुकलेल्या घामाच्या पांढऱ्या रेघा असत. आई त्यांना ताकात मीठ घालून देई. घाम येणाऱ्या माणसाला मीठ लागते, एवढे तिला कोणी शिकवावे लागले नव्हते. पण आजारी मुलाला पाणी द्यायचे, हे तिला शिकावे लागले.

१९७७ च्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ तसाच आजारी पडला. मी तेव्हा बारा वर्षांची. आईने त्याला उचलून परळच्या एका रुग्णालयात नेले, मी पिशवी धरून मागे. तिथल्या परिचारिकेने एक तांब्या आणि चमचा आईच्या हातात दिला आणि सांगितले, दर मिनिटाला एक चमचा द्यायचा. आईचा हात पुढे होईना. "अवं, पानी कसं द्यायचं? ढाळ वाडतील की!" त्या बाई रागावल्या नाहीत. त्या आईशेजारी बाकावर बसल्या आणि पहिले दहा-बारा चमचे त्यांनी स्वतः पाजले. भावाने उलटी केली. त्या म्हणाल्या, दहा मिनिटे थांबू आणि परत सुरू करू. रात्री कधीतरी आईच्या मांडीवरची गोधडी ओली झाली. पोराला लघवी झाली होती. ओल्या गोधडीकडे बघून आई हसली आणि मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. त्या रात्री तिने मला माझ्या बहिणीबद्दल सांगितले, पहिल्यांदा आणि शेवटचे.

त्यानंतर आमच्या चाळीच्या तीन मजल्यांवर कोणाचे मूल आजारी पडो, आईला हाक येई. ती मीठ-साखरेचे पाणी करून देई आणि करायला शिकवी. समोरच्या खोलीतल्या मालवणच्या काकू तांदळाची पेज आणत, त्यात चिमूटभर मीठ. पेजेवरून आणि पाण्यावरून दोघींचा वाद होई, कोणाचे चांगले म्हणून. पुढे मी वाचले की तांदळाच्या पिठापासूनही हे औषधी पाणी करतात आणि पटकीच्या रोग्यांना ते उत्तम लागू पडते. म्हणजे दोघींचेही बरोबर होते. हे सांगायला आता दोघीही नाहीत.

त्या परिचारिकेला ते माप कुठून मिळाले, हे मला फार वर्षांनी कळले.

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेवरच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. रुग्णालयाची जमीनसुद्धा रोग्यांनी भरून गेली. शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, त्या लावायला पुरेशी माणसेही नव्हती. तिथे काम करणारे डॉक्टर दिलीप महालनोबिस यांनी ठरवले की शिरेतून देता येत नाही तर तोंडाने देऊ. १ लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कोलकात्यात या मिश्रणाच्या पिशव्या भरल्या, छावणीत ते पिंपांत कालवले आणि पाजायचे काम रोग्यांच्या नातेवाइकांवर, आयांवर, भावांवर सोपवले. आधी शंभर रोग्यांतले तीसेक दगावत होते. या पाण्यावर राहिलेल्या सुमारे ३,७०० रोग्यांत ते प्रमाण शंभरात चारच्याही खाली आले. महालनोबिस २०२२ साली गेले. त्यांना पद्मविभूषण मिळाले ते त्यानंतर, २०२३ साली. आपल्या देशात हजारो घरांत ज्यांच्यामुळे दिवा राहिला त्यांचे नाव आपल्याला माहीत नसते, हे मला खटकते. म्हणून इथे लिहिले.

साखर कशाला, असे पुष्कळजण विचारतात. चवीसाठी नाही. आपल्या आतड्याच्या अस्तरात मिठाला आत घेणारे एक दार असे आहे की साखर बरोबर असेल तरच ते उघडते. मीठ आणि साखर जोडीने आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. रॉबर्ट क्रेन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० साली हे मांडले. पटकीत आतड्यातले बाकीचे व्यवहार उलटे होतात, पण हे दार शाबूत राहते. नुसते मिठाचे पाणी त्या वेळी फारसे आत शिरत नाही. आणि साखर जास्त झाली तर ती उलट अंगातलेच पाणी आतड्यात ओढून घेते आणि ढाळ वाढतात. म्हणून बाटलीतली गोड सरबते आणि फसफसणारी पेये आजाऱ्याला देऊ नयेत. सगळा खेळ मापाचा आहे.

मीठ पाण्यात विरघळून एक होते, हा दृष्टांत आपल्याला नवा नाही. उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पाण्यात मीठ टाकायला सांगतात. तुकोबांनीही अभंगात तो योजला आहे. कीर्तनात तो ऐकताना मला मात्र दर वेळी तो तांब्या आणि तो चमचा दिसतो. माझी बुद्धी तेवढीच, काय करणार.

बनगावानंतरची गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. बांगलादेशात पाकिटे गावोगाव पोहोचत नव्हती. तिथल्या ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत बायकांना घरोघर पाठवले. त्यांनी १ कोटी २० लाखांच्या आसपास घरांत जाऊन आयांच्या शेजारी चुलीपाशी बसून शिकवले, तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी. मीठ आणि गूळ, दोन्ही घरातलेच. शिकवणाऱ्या बाईला पैसे मिळत ते किती घरे केली यावर नाही. काही दिवसांनी दुसरे कोणी जाऊन बघे, त्या आईच्या किती लक्षात राहिले आहे, तिला पाणी बरोबर करता येते का, आणि त्यावर पैसे ठरत. मास्तरकी केलेल्या माणसाला या हिशेबाचे मोल कळेल.

मला यात आपल्या संप्रदायाचीच रीत दिसते. आमच्या आईला अक्षर येत नव्हते, पण हरिपाठ पाठ होता. कोणाकडून आला? आजीकडून, आणि आजीला तिच्या आजीकडून. पोथी घरात नसतानाही तो आला, कारण तो तोंडातून कानात गेला आणि दुसऱ्या दिवशी परत म्हणून घेतला गेला. मीठ-साखरेचे माप असेच जायला हवे. जे बरणीतून विकत मिळते ते संपते. पाठ झालेले राहते.

आणि उन्हातून आलेल्याला गूळपाणी द्यायची चाल तर आपल्या घराघरांत होतीच. पाहुणा ओट्यावर टेकला की आधी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या. त्यात चिमटीभर मीठच काय ते घालायचे राहिले होते.

वारी आणि पटकी यांचे नाते जुने आणि दुःखाचे आहे. यात्रेच्या गर्दीत, नदीच्या पाण्यातून, पटकी पसरायची आणि यात्रेकरूंबरोबर गावोगाव जायची. इंग्रज सरकारचे पंढरपूरच्या यात्रेवर त्यासाठी बारीक लक्ष असे. जुने वारकरी सांगत की यात्रेला जाण्याआधी टोचून घ्यावे लागे. ती पटकीची लस ज्यांनी प्रथम १८९२ साली पॅरिसमध्ये स्वतःलाच टोचून पाहिली, ते हाफकिन पुढे प्लेगच्या दिवसांत मुंबईत आले. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात हलवली गेली. आचार्य दोंदे मार्गावर आजही ती हाफकिन संस्था म्हणून उभी आहे. शाळेत जाता-येता मी तिच्यावरून चालत असे. त्याच परिसरात केईएम, वाडिया, टाटा ही रुग्णालये, आणि पदपथावर सातारा-सोलापूर-नांदेडकडून आलेले रोग्यांचे नातेवाईक, उशाला पिशव्या घेऊन. त्यांच्यात कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात तुळशीची माळ असतेच.

मिठाचेही या भागाशी एक नाते आहे. वडाळ्याला मिठागरे होती. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा गिरगाव चौपाटीवर बायकांनी चुली पेटवून समुद्राच्या पाण्याचे मीठ केले, आणि वडाळ्याच्या मिठागरांवर मूठभर मिठासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या. पंढरपूरला जाता येत नाही ते आषाढीला त्याच वडाळ्याच्या विठोबाला जातात. आज मीठ इतके स्वस्त झाले आहे की ते मिळवायला कोणी मार खाल्ला हे आठवतही नाही. कदाचित त्यामुळेच आपल्याला ते महाग आणि गुलाबी करून घ्यावेसे वाटत असेल.

आता वारीकडे येते. वारीत रोज मिठाचे पाणी लागते का? नाही. दिंडीत पिठले-भाकरी, आमटी-भात, ठेचा, लोणचे पोटात जाते, त्यातून मीठ मिळते. रोज पाणी भरपूर प्या आणि वेळेवर जेवा. पण दोन प्रसंग वेगळे. एक, ढाळ-उलट्या. दुसरा, रणरणते ऊन, चढ, तासाला अर्धा-एक लिटर घाम आणि पोट रिकामे. हे सगळे एकत्र येते तो दिवस म्हणजे दिवेघाटाचा. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते तो दिवस बहुधा एकादशीचा असतो. तीसेक किलोमीटर चाल, वडकीच्या पुढे घाट, रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात असा चढ, आणि निम्म्या दिंडीला उपास.

काही वर्षांपूर्वी आमच्या दिंडीतले एक भाऊ, गिरणी बंद पडल्यावर भायखळ्याच्या बाजारात ओझी उचलून मुले शिकवलेला माणूस, निर्जळ एकादशी करत होते. त्या वर्षी पाऊस लांबला होता. वडकीला विसावा झाला तेव्हाच त्यांचे ओठ पांढरे दिसत होते. घाटाच्या सुरुवातीला त्यांच्या पोटऱ्यांना गोळे आले. ते रस्त्याच्या कडेला बसले, मग आडवे झाले, आणि कोरडी उलटी झाली. मी बाटलीत मीठ-साखरेचे पाणी करून नेले होते, उपास म्हणून सैंधवाचे. भाऊंनी दात घट्ट मिटले. "मावशी, एकादशी आहे. तीस वर्षांत मोडली नाही." शुद्धीवर होते, बोलणे नीट होते, म्हणून मला धीर होता. पण हात गार पडत चालले होते आणि सकाळपासून लघवी झाली नव्हती.

दिंडी पुढे सरकत होती. कोणीतरी पुढे जाऊन वीणेकरी बाबांना सांगितले. बाबा मागे आले. वीणा जमिनीवर ठेवत नाहीत, हे आपल्याला माहीतच आहे. त्यांनी शेजारच्याच्या गळ्यात वीणा घातली, दोघे एकमेकांच्या पाया पडले, आणि मग बाबा त्या तापलेल्या डांबरावर मांडी घालून बसले. भाऊंचे डोके त्यांनी मांडीवर घेतले. "पेला मी धरतो," ते म्हणाले. "दोष मला. तू नुसतं तोंड उघड."

भाऊंनी तोंड उघडले. घोट-घोट करत तासाभरात त्यांनी बाटली संपवली. मागून आलेल्या आरोग्य पथकाच्या डॉक्टरांनी तपासले आणि त्यांना गाडीतून सासवडला नेले.

रात्री सासवडच्या तळावर काहीजण कुजबुजत होते. बाबांच्या कानावर ते गेले. त्यांनी सगळ्यांना राहुटीपुढे बसवून सांगितले की धर्मशास्त्राने व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी मोजल्या आहेत. पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. "मी कोणाचा गुरू नाही," बाबा म्हणाले, "पण पाणी आणि औषध या दोन तर त्या बाटलीत होत्याच. उरलेल्या सहांचं तुम्ही बघा." लोक हसले आणि विषय संपला. मला विचाराल तर तिसरीही होती. भाऊंनी ऐकले ते बाबांचे होते, माझे नाही.

आता कृती लिहिते, पाठ करा. उकळून गार केलेले १ लिटर पाणी घ्या. एका लिटरची बाटली दिंडीत सगळ्यांकडे असते, तेच माप. त्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे वरून बोट फिरवून सारखा केलेला, शिगोशीग नव्हे. आधी मीठ घालून चव बघा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागले तर ते ओतून द्या आणि परत करा, कारण जास्त मीठ लहान मुलाला घातक ठरते. मग साखर. केलेले पाणी २४ तासांच्या आत संपवा, उरलेले टाका. लहान मुलाला चमच्या-चमच्याने, मोठ्याला घोटाघोटाने. अंगावर पिणारे मूल असेल तर आईचे दूध चालूच ठेवा. सरकारी दवाखान्यात जलसंजीवनीची पाकिटे मिळतात, ती आणखी चांगली, त्यात पोटॅशियमही असते. मात्र पाकिटावर किती पाण्यासाठी ते वाचा आणि सगळे पाकीट तेवढ्याच पाण्यात घाला, अर्धे-अर्धे नको. 'ओआरएस' अशी अक्षरे मिरवणारी गोड पेये खोक्यांतून विकली जात, २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्या अक्षरांना मनाई केली. पाजण्याआधी खोक्यामागचे बारीक अक्षर नातवाकडून वाचून घ्या.

आणि हे पाणी पुरत नाही ते कधी, तेही लक्षात ठेवा. पाणी पोटात ठरतच नसेल, शौचातून रक्त पडत असेल, लघवी बंद असेल, मूल मलूल पडले असेल, तर पाजत पाजत दवाखाना गाठायचा. उन्हात चालताना माणूस बरळायला लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर तोंडात काही घालू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. मधुमेही माणसाला ढाळ लागले तर साखर म्हणून पाणी अडवू नका, जलसंजीवनी द्या आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.

आमच्या दिंडीत आता मीठ-साखरेचे दोन डबे असतात आणि प्रत्येकाला सुतळीने बांधलेला एकाच मापाचा चमचा. गणेश गल्लीतली दोन कॉलेजची मुले ते सांभाळतात. मुक्कामाला नवीन माणूस आला की ती त्याला करायला लावतात आणि चव बघतात, नापासही करतात.

भाऊ अजून वारी करतात. एकादशीही सोडलेली नाही, फक्त वडकीला ते एक पेला घेतात. बाबांचे गुडघे आता चालू देत नाहीत, ते वडाळ्याच्या विठोबाला जाऊन येतात. दरवर्षी सासवडचा तळ पडला की मी त्यांना फोन करते. पालखी किती वाजता पोहोचली, पाऊस आहे का, हे ते मागाहून विचारतात. आधी विचारतात, "पेला घेतला का त्यानं?"